निपाणीच्या वखारी आणि आधाराचा हात

देवळाच्या कीर्दखतावणीत नंदादीपाचे तेल, नैवेद्याचे तांदूळ व पुजाऱ्याचे वेतन यांच्या नोंदींशेजारी आणखी एक खाते पूर्वापार चालत आलेले आहे. ते अन्नसंतर्पणाचे, पांथस्थाला द्यावयाच्या शिध्याचे, पाणपोईचे आणि धर्मशाळेच्या डागडुजीचे. महाजन म्हणजे देवाच्या द्रव्याचे राखणदार; परंतु त्या द्रव्याचा काही अंश दारी आलेल्या गरजूचा आहे, हे त्यांनी गृहीत धरलेले असे. कोकण-गोमंतकातून घाट चढून बेळगाव, निपाणी, कोल्हापूर या भागात स्थायिक झालेल्या कुटुंबांनी हा संस्कार बरोबर आणला, आणि येथे आल्यावर त्यांना तो आधीपासूनच नांदताना आढळला. आप्पाचीवाडीच्या हालसिद्धनाथाची यात्रा असो, स्तवनिधीचे जैन तीर्थ असो, वा खुद्द निपाणीतील दर्ग्याचा उरूस असो. दैवते निराळी, पंथ निराळे, पण आलेल्याला उपाशी परत धाडावयाचे नाही ही रीत एकच.

तथापि दारी आलेल्याला घास देणे आणि त्याला दारी यावेच लागू नये अशी तजवीज करणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. निपाणीचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास या दोहोंमधील अंतर किती लांबचे आहे ते दाखवितो. हे अंतर ज्यांनी पायी तोडले त्यांत तंबाखूच्या वखारीत दिवसभर बसणाऱ्या स्त्रियांचा वाटा फार मोठा आहे. शहराच्या वैभवाविषयी लिहिताना व्यापारी, देणगीदार व पुढारी यांचा उल्लेख सहसा चुकत नाही. या स्त्रियांचा मात्र अनेकदा राहून जातो.

पेशवाईच्या अखेरच्या काळात सिद्धोजीराव नाईक निंबाळकर यांच्यामुळे निपाणीचे नाव मराठ्यांच्या इतिहासात गाजले. संस्थान लयास गेल्यावरही गावाचे महत्त्व ओसरले नाही, कारण पुण्याहून बंगळूरकडे जाणारा हमरस्ता गावाला लागूनच जातो. कोल्हापूर येथून सुमारे ४० किलोमीटर, बेळगाव सुमारे ७५. वेदगंगा-दूधगंगेच्या या टापूतील काळ्या जमिनीत विडीची तंबाखू उत्तम पिकते असा अनुभव आला, आणि देशात विडीच्या तंबाखूचा विषय निघाला की गुजरातेतील चरोतर व इकडील निपाणी ही दोन नावे जोडीने घेतली जाऊ लागली. बाजारपेठ वाढली, वखारी उभ्या राहिल्या, देशोदेशीचे व्यापारी आले.

गरिबांना आधार देण्याची नवी कल्पना मात्र या भागात प्रथम बाजारातून नव्हे, तर शिक्षणाच्या वाटेने आली. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची मालिकाच उभी केली. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशा वसतिगृहांच्या या मालिकेत १९१५ साली गौड सारस्वत ब्राह्मण विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचीही भर पडली. निपाणी इंग्रजी अमलाखालील बेळगाव जिल्ह्यात आणि कोल्हापूर स्वतंत्र संस्थान. पण शिकू पाहणाऱ्या मुलाला हद्दीचा दगड आडवा येत नसे. दोन वेळच्या जेवणाची व अंथरुणाची सोय झाली की मुलगा शिकतो, ही साधी गोष्ट वसतिगृहांनी सिद्ध केली. पुष्कळ देवस्थानांच्या व ज्ञातिसंस्थांच्या विद्यार्थी-निधीमागे हाच धडा आहे.

दुसरा धडा अधिक कठोर होता. मार्च १९२० मध्ये माणगाव येथे भरलेल्या बहिष्कृतांच्या परिषदेस शाहू महाराज स्वतः उपस्थित राहिले व तरुण डॉ. बाबासाहेब आंबेडकर हेच तुमचे पुढारी होत असे त्यांनी जमलेल्या समाजाला सांगितले. पाच वर्षांनी, एप्रिल १९२५ मध्ये, मुंबई इलाख्यातील बहिष्कृतांची परिषद निपाणीस भरली आणि तिचे अध्यक्षस्थान डॉ. आंबेडकरांनी भूषविले. आदल्या वर्षीच त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली होती आणि सभेचे विद्यार्थी-वसतिगृह सोलापुरात नुकतेच सुरू झाले होते. उपकाराच्या अपेक्षेत न बसता आपल्या उन्नतीचे साधन आपणच व्हावे, हा विचार निपाणीच्या मातीत त्या परिषदेने पेरला. तो रुजून वर यावयास पुढे अर्धे शतक लागले, हेही नमूद करणे प्राप्त आहे.

आता वखारीकडे वळावयास हवे, कारण निपाणीच्या गरिबीचे आणि श्रीमंतीचे कोठार एकच होते.

थंडी सरता सरता तंबाखूची कापणी होते. शेतातच उन्हात वाळलेला माल व्यापारी खरेदी करतो आणि तो वखारीत येऊन पडतो. तेथे पाने कुटावयाची, चाळावयाची, पाखडावयाची, काडी व भुकटी वेगळी काढावयाची आणि विडीत भरण्याजोगा माल प्रतवारीने पोत्यांत भरावयाचा. हे सारे काम स्त्रियांचे. माल उडून जाऊ नये म्हणून दारे-खिडक्या बंद. हवेत तंबाखूची धूळ इतकी, की नव्याने येणाऱ्या बाईला पहिले काही दिवस भोवळ येते, मळमळते, अन्न जात नाही. पुढे शरीर सरावते, अथवा सरावल्यासारखे दिसते. खोकला मात्र कायमचा जडतो. अंगाला व लुगड्याला येणारा वास घरी नेल्यावाचून गत्यंतर नसे, आणि तान्हे मूल असलेल्या बाईचे मूलही त्याच हवेत वाढे. हंगाम असेल तोवर काम, पावसाळा लागला की हात रिकामे. मधल्या महिन्यांसाठी उचल घ्यावयाची आणि पुढच्या हंगामात ती फेडावयाची.

या स्त्रियांत दलित, मुसलमान व मराठा अशा सर्व समाजांतील स्त्रिया होत्या. परित्यक्ता होत्या, विधवा होत्या. देवाच्या नावाने सोडलेल्या स्त्रियाही त्यांत होत्या. देवदासीच्या प्रथेविरुद्ध मुंबई प्रांतात १९३४ सालीच कायदा झाला होता. तरीही जवळच गडहिंग्लजला १९७५ साली देवदासींची परिषद भरवावी लागली आणि कर्नाटक विधिमंडळाला १९८२ साली पुन्हा नवा कायदा करावा लागला. ज्या स्त्रीला देवाची म्हणून सोडले तिच्या पोटाची सोय देवाच्या खात्यातून झाली नाही. तिला वखारीची वाट धरावी लागली. देवस्थानांच्या इतिहासात ही गोष्ट झाकून ठेवण्यात पुरुषार्थ नाही.

वखारीबाहेर दुसरा मोठा वर्ग घरोघरी विड्या वळणाऱ्या स्त्रियांचा. ठेकेदाराकडून तेंदूपान, तंबाखू व दोरा आणावयाचा, चूल-मूल सांभाळीत विड्या वळावयाच्या आणि मोजून परत द्यावयाच्या. मजुरी हजारावर. ठेकेदार विड्या पाहतो, काही छाटात काढतो, आणि छाटाचा फटका वळणाऱ्या बाईलाच बसतो. पान कमी वजनाचे वा किडके मिळाले तरी विड्यांची संख्या भरून द्यावयाची ती तिनेच.

कायदे नव्हते असे नाही. किमान वेतनाचा कायदा १९४८ सालचा, आणि ज्या धंद्यांना तो प्रथमपासून लागू करावयाचा त्यांच्या यादीत विडीसह तंबाखूचा धंदा नावानिशी होता. विडी व सिगार कामगारांच्या कामाच्या अटींविषयी १९६६ साली स्वतंत्र कायदा झाला. घरी बसून विड्या वळणारी स्त्रीही कामगारच होय, हे त्याने मान्य केले. धंद्याच्या मालकांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली कायदा उचलून धरला. १९७६ साली विडी कामगार कल्याण निधीचा व उपकराचा कायदा आला. १९७७ मध्ये भविष्यनिर्वाह निधीची योजना विडी उद्योगास लागू झाली. कल्याण निधीतून दवाखाने, क्षयरोगावरील उपचार, मुलांना शिष्यवृत्त्या, घरबांधणीस साहाय्य अशा सोयी व्हावयाच्या होत्या. कागदावर यापेक्षा अधिक मागावे असे फारसे उरले नव्हते.

या निधीची प्रारंभीची कहाणी मोठी बोधप्रद आहे. उपकर बसविला होता तो विडीसाठी उचललेल्या तंबाखूवर, आणि तो वसूल व्हावयाचा होता तंबाखूवरील अबकारी कराच्या यंत्रणेमार्फत. हा कर १९४३ पासून चालत आलेला; परवान्याच्या वखारी, कुलपे, निरीक्षक असा त्याचा सारा सरंजाम. व्यापारी व शेतकरी दोघेही त्याला कंटाळलेले. १९७९ साली केंद्राने कच्च्या तंबाखूवरील हा कर उठविला व बाजारात आनंद झाला. परंतु त्या कराच्या खांद्यावर बसलेला कल्याण-उपकरही त्याबरोबर खाली आला. निधी नुकता कोठे उभा राहत होता तोच त्याचा झरा आटला. पुढे कायद्यात दुरुस्ती होऊन तयार विड्यांवर दर हजारी उपकर आकारण्याची पद्धत आली तेव्हा निधीला पुन्हा पाणी मिळाले. ज्यांच्यासाठी हा निधी होता त्यांपैकी किती जणींना या घडामोडींची वार्ता पोहोचली असेल, हा प्रश्नच आहे. मस्टरवर ज्यांचे नाव नाही, हाती ओळखपत्र नाही, त्यांना निधी भरला काय आणि आटला काय, सारखेच.

म्हणूनच निपाणीत १९८० च्या सुमारास जे घडले त्याला महत्त्व आहे. प्रा. सुभाष जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने वखारीतील स्त्रिया चिकोडी तालुका कामगार महासंघाच्या झेंड्याखाली संघटित झाल्या. मागण्या ऐकल्या तर आज नवल वाटेल. कामाचे तास ठरलेले असावेत. कायद्याने ठरविलेली मजुरी मिळावी. हजेरीची नोंद व्हावी. अपशब्द व अंगचटी बंद व्हावी. वखारीत प्यावयाचे पाणी व शौचाची सोय असावी. ३० वर्षांपूर्वीच्या कायद्याने जे देऊन ठेवले होते तेच पदरात पाडून घेण्यासाठी संप व निदर्शने करावी लागली. एकट्या बाईने तोंड उघडले तर तिला दुसऱ्या दिवशी काम नाही. हजारो स्त्रिया एकत्र बोलू लागल्या तेव्हा बोलणी करणे मालकांना भाग पडले. मजुरी वाढली, पण त्याहूनही ओळखपत्र व हजेरीची नोंद यांचे मोल अधिक मानावे लागेल, कारण भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा, शिष्यवृत्ती या साऱ्यांचे दार त्याच किल्लीने उघडते.

या लढ्याची नोंद बाहेरच्या जगानेही घेतली. बंगळूरच्या ‘युगांतर’ या चित्रपट-समूहाने या स्त्रियांच्याच सहभागाने १९८२ साली माहितीपट तयार केला. छाया दातार यांनी संघटनेचा अभ्यास करून १९८९ साली इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. तंबाखूच्या व्यापारावरील कागदपत्रांनी कपाटे भरलेली असतील; तंबाखू चाळणारीचे म्हणणे तिच्या शब्दांत प्रथम नोंदले गेले ते अशा प्रयत्नांतून.

याच सुमारास शेतकऱ्यांचाही उद्रेक झाला. तंबाखूला रास्त भाव मिळावा यासाठी शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेच्या नेतृत्वाखाली मार्च १९८१ मध्ये निपाणीजवळ पुणे-बंगळूर हमरस्ता रोखण्यात आला. हजारो शेतकरी तीन आठवड्यांहून अधिक काळ रस्त्यावरच मुक्काम ठोकून होते. गावोगावहून भाकऱ्या येत आणि रस्त्यावरच पंगती बसत. अन्नछत्राची रीत रक्तात भिनलेल्या मुलखाला हे जड नव्हते, फरक इतकाच की येथे वाढणारा व जेवणारा एकाच पंक्तीतले. ६ एप्रिल १९८१ रोजी पोलिसांनी आंदोलन मोडून काढले. गोळीबारात शेतकरी मृत्युमुखी पडले. त्या दिवसाची आठवण निपाणीत आजही ताजी आहे.

शेतकरी व वखार-कामगार यांचे हितसंबंध नेहमीच जुळत होते असे म्हणणे धाडसाचे होईल. शेतकऱ्याला तंबाखूचा भाव चढा हवा, कामगाराला मजुरी चढी हवी, आणि दोन्ही बोजे अंगावर घ्यावयास व्यापारी नाखूष. परंतु दोन एकरांच्या शेतकऱ्याची बायको वखारीत जाते व भाऊबंद रस्त्यावर बसतात, अशा घरांत हा भेद चुलीपाशी येऊन विरघळत असे.

व्यापाऱ्यांची बाजू काळ्या रंगाने रंगवून मोकळे होणे मात्र अन्यायाचे ठरेल. निपाणीला लागूनच, पण हद्दीपलीकडे कोल्हापूर जिल्ह्यातील अर्जुननगर येथे उभे असलेले देवचंद महाविद्यालय निपाणीच्या देवचंद शाह यांच्या नावाने ओळखले जाते. १९६० च्या दशकाच्या आरंभी निघालेल्या या महाविद्यालयामुळे आसपासच्या खेड्यांतील मुला-मुलींना पदवीपर्यंतचे शिक्षण घरची भाकरी खाऊन घेता आले. वखारीत काम करणाऱ्या आयांची मुलेही त्याच वर्गांत बसली. त्याच महाविद्यालयातील एक प्राध्यापक पुढे त्या आयांच्या संघटनेचा नेता व्हावा, हा निपाणीच्या इतिहासातील योग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

महाविद्यालय एका राज्यात आणि गाव दुसऱ्या राज्यात, हा प्रकार १ नोव्हेंबर १९५६ पासूनचा. त्या दिवशी बेळगाव जिल्ह्याबरोबर निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालात निपाणी महाराष्ट्रास द्यावी अशी शिफारस होती. त्यामुळे निपाणीकराच्या कानी ‘महाजन’ हा शब्द पडला की देवस्थानाआधी तो अहवाल आठवतो, असे विनोदाने म्हटले जाते. बेळगाव कर्नाटकातच ठेवणारा तो अहवाल महाराष्ट्राने नाकारला, आणि २००४ पासून हा वाद सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या वादात येथे शिरावयाचे कारण नाही. गरिबाच्या दृष्टीने सीमेचा अर्थ अगदी निकटचा असतो: अर्ज कोणत्या भाषेत लिहावयाचा, दाखला कोणत्या कचेरीतून आणावयाचा आणि साहेबासमोर काय बोलावयाचे. मराठीतून चौथी शिकलेली, किंवा मुळीच न शिकलेली विडी कामगार स्त्री कानडी छापील अर्जासमोर उभी राहते तेव्हा तिला पैशाआधी माणूस लागतो. तो अर्ज भरून देणारा, सोबत चिकोडीपर्यंत येणारा, शिक्का मारून घेणारा माणूस. निपाणीत हे काम संघटनेच्या कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी, ओळखीच्या दुकानदारांनी वर्षानुवर्षे केले. त्याची नोंद कोणत्याही अहवालात सापडणार नाही. निपाणी स्वतंत्र तालुका झाल्यावर चिकोडीचे खेटे वाचले. अर्जाची भाषा राहिली.

या सीमेमुळे साहाय्यसुद्धा कधीकधी वादाचा विषय होते. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ सीमाभागातील ८६५ गावांतील मराठी भाषकांना देण्याचे ठरविले, तेव्हा कर्नाटक शासनाने त्यास तीव्र हरकत घेतली. त्याच वर्षी कर्नाटकात गृहलक्ष्मी योजना सुरू होऊन कुटुंबप्रमुख स्त्रीच्या नावे दरमहा २,००० रुपये जमा होऊ लागले. आजारी माणसाला औषध कोणाच्या तिजोरीतून आले याची फिकीर नसते. फिकीर असते ती तिजोरीच्या मालकांना.

घरबांधणीच्या बाबतीत निपाणीकरांची नजर सोलापूरकडे जाणे स्वाभाविक होते. तेथे विडी कामगार स्त्रियांसाठी कुंभारी येथे १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली व २००६ साली तिचे हस्तांतरण झाले. केंद्र, राज्य आणि कामगार स्त्रिया स्वतः यांनी खर्चाचा भार वाटून घेतला होता. भाड्याच्या एका खोलीत विड्या वळून आयुष्य काढलेल्या स्त्रीच्या नावावर घर चढले, ही घटना विडी उद्योगाच्या इतिहासात अपूर्व होय. सोलापूरएवढा आकार निपाणीला नाही, आणि एवढ्या मोठ्या योजनेचे बळ येथे एकवटले नाही.

मधल्या काळात पीकही बदलले. पाण्याची सोय होत गेली तसा ऊस शिवारात शिरला. तंबाखूचे क्षेत्र घटले, विडीची मागणीही उतरणीला लागली. तंबाखूचा अंमल कमी होणे आरोग्याच्या दृष्टीने इष्टच; पण त्या धंद्यावर पोट असणारीला कोणी दुसरे काम देऊन मग तो मंदावला असे झाले नाही. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला त्या वेळी विडीवरील कल्याण-उपकर रद्द झाला. कल्याणाच्या योजना अंदाजपत्रकातील तरतुदीवर चालू राहिल्या, तरी धंद्यातून आपोआप येणारा जो वाटा १९७६ च्या कायद्याने कामगारांसाठी बाजूला काढला होता, तो दुसऱ्यांदा थांबला. १९६६ चा कायदाही पुढे २०२० च्या कामगार संहितेत सामावला गेला.

वखारीत सारी हयात घालविलेल्या, आता साठी-सत्तरी ओलांडलेल्या स्त्रिया निपाणीच्या गल्ल्यांतून भेटतात. भविष्यनिर्वाह निधीला जोडलेल्या १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत ज्यांची सेवा भरली त्यांना दरमहा वेतन मिळते. त्याची किमान रक्कम २०१४ पासून १,००० रुपये आहे. रक्कम तुटपुंजी आहे, हे कोणीही मान्य करील. तरीही ती आणण्यासाठी कोणाच्या ओटीवर जाऊन बसावे लागत नाही. जिचे नाव त्या काळी मस्टरवर चढले, तिच्या खात्यात ती जमा होते. शेजारच्या घरात तिच्याच बरोबरीने, त्याच वखारीत, तितकीच वर्षे बसलेली दुसरी असते. तिचे नाव चढले नव्हते.